मानाचा शिंपला

रोसचा वाढदिवस चौदा सप्टेंबरला आणि फेम्केचा सोळाला, म्हणून पपांनी ठरवून टाकलं की यंदा दोघींचा मिळून एकच रविवार, एकच टेबल, एकच केक. सोयीचं पडेल, म्हणाले. रोसला चक्क सोळा वर्षं पूर्ण होत होती. अशा वाढदिवसाला 'सोयीचं' हा शब्द कुणी वापरतं का?

फेम्के म्हणजे कात्रीनची मुलगी, आणि कात्रीन म्हणजे पपांची एप्रिलपासूनची बायको. मायलेकी हॉलंडहून थेट बेल्जियममधल्या अँटवर्पच्या घरात येऊन राहिल्या होत्या. फेम्के रोसहून एका वर्षाने लहान, चार बोटं उंच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वभावाने चांगली. खाष्ट असती तर रोसचं काम किती सोपं झालं असतं.

पण एक गोष्ट अजून रोसची एकटीची होती. दरवर्षी नदीकाठच्या मार्सेलच्या रेस्टॉरंटात बोमा, म्हणजे रोसची आजी, आपल्या पातेल्यातला पहिला शिंपला खायची आणि रिकामं कवच वाढदिवसाच्या मुलीच्या हातात ठेवायची. कवचाच्या दोन पाळ्या एका टोकाला जोडलेल्या असतात, त्यांचा झकास चिमटा होतो. त्या चिमट्याने मग बाकीचे शिंपले ओढून खायचे. काट्याने खाणारा माणूस बोमाच्या लेखी माणसात जमा नव्हता. रोस एकुलती एक नात, त्यामुळे मानाचा शिंपला कुणाचा, हा प्रश्न बारा वर्षांत कधी आलाच नव्हता.

आज मुली दोन होत्या आणि शिंपला एक.

सुरुवात तर छान झाली. मार्सेल ऑर्डर घ्यायला आला तेव्हा फेम्केने शिंपल्यांसोबत 'पतात' मागितले. रोसने मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. हॉलंडमध्ये तळलेल्या बटाट्यांना खुशाल पतात म्हणत असतील, इथे पतात म्हणजे मातीतून काढलेला बटाटा. याच शब्दावरून बोमाने एका डच शेजाऱ्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

आता बघ गंमत, असं म्हणून रोस सरसावून बसली. पण बोमा चक्क हसली. मार्सेलला म्हणाली, पोरीला मातीतले नकोत हो, तळून आण. वर फेम्केचा गाल थोपटला. रोसच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तिने अख्खा ग्लास पाणी पिऊन टाकलं.

पातेली आली. झाकणं उलटी करून कवचं टाकायला ठेवली गेली, सेलरी-कांद्याची वाफ टेबलभर पसरली. बोमाने पहिला शिंपला खाल्ला, कवच नॅपकिनने पुसलं. रोसचा हात टेबलावरून सहज सरकल्यासारखा पुढे गेला.

बोमाने कवच फेम्केला दिलं.

"हिचा इथला पहिलाच वाढदिवस आहे, रोसके," ती लाडाचं नाव घेत म्हणाली. "तुला येतंय, तिला शिकायचंय."

रोसचा हात टेबलाच्या मधोमध तसाच. तो उगाच पुढे केला असं वाटू नये म्हणून तिने मिठाची बाटली उचलली आणि जवळ आणून ठेवली. गालही तिचा, चिमटाही तिचा, आता बोमासुद्धा तिचीच का? बोमाला नेमकं कुठे दुखेल ते रोसइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मार्सेल," ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "मला काटा द्या."

पपांनी मान खाली घातली. बोमाने ओठ आवळले.

"द्या तिला काटा. सुरीही द्या. ऑपरेशन करतेय ती."

मार्सेलने काटा आणून ठेवला. फेम्के एकदा रोसकडे, एकदा बोमाकडे बघत राहिली. मग काहीतरी सुचल्यासारखा तिचा चेहरा उजळला. तिने कवच दोन्ही हातांत धरलं आणि कट्कन मधोमध मोडलं.

"घे," एक पाळी पुढे करत ती म्हणाली. "अर्धा तुझा."

बोमाने डोळेच मिटून घेतले. चिमटा खलास. ना हिला, ना तिला. रोसला हवं होतं ते आयतंच घडलं होतं, जिभेवर टोमणाही तयार होता. पण फेम्केने विचारलं ते बोमाला नाही, रोसला. अगदी हळू.

"मी काय केलं?"

"चिमटा मोडलास, बावळट," रोस म्हणाली. पाळी मात्र तिने घेतली होती. "आता याचा चमचाच होणार."

तिने पाळी पातेल्यात बुडवली आणि तळचा खारट रस्सा सुर्रकन ओढला. फेम्केने तसंच केलं आणि अर्धा रस्सा पांढऱ्या शर्टावर सांडला. बोमा म्हणाली, तो काटा तरी उचला इथून. आवाजात राग फारसा उरला नव्हता.

केक यायच्या आधी फेम्के हात धुवायला गेली. शिंपल्याच्या दोन्ही पाळ्या सारख्याच असतात, हे रोसला पक्कं माहीत होतं. तरी तिने दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या.

रोसची केसभर मोठी होती.