तातो रविवारी बरे असायचे

“वर्कशॉप इतकं घट्ट करू नका गं. आत माणूस बसणारय, आंबवायला घातलेली कोबी नाही.”

तेता पराशाचं हे बोलणं मी हसण्यावारी नेलं होतं. पराशा म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण; आमच्या युक्रेनी घरात आत्याला तेता म्हणतात. आयुष्यभर चेटकिणीला भ्यावं तशी वाऱ्याच्या झोताला भ्यायलेली, भर ऑगस्टमध्ये माझ्या तान्ह्या लेकीच्या, सोल्याच्या डोक्यावर लोकरी टोपी चढवणारी. आणि आता तीच वाऱ्याची वकिली करत होती.

“तेता, फटीतून आजार येतो असं तूच म्हणतेस ना?” मी विचारलं.

“घराच्या फटीतून येतो. वर्कशॉपच्या फटीतून बाहेर जातो.”

मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि विषय बदलला.

लग्न होऊन मी कॅनडात, सस्कॅचवनमधल्या या शेतावर आले तेव्हा वर्कशॉपला फटींशिवाय दुसरं काही नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. सरकत्या दाराखालून बर्फ आत यायचा आणि जमिनीवर मैद्यासारखी बारीक रेघ पडायची. मधोमध तेलाच्या पिंपाची केलेली लाकडाची भट्टी. जानेवारीत शेतं बर्फाखाली झोपलेली असली की शेजारपाजारचे बाप्ये सकाळी दहाच्या सुमारास येत, बादल्या पालथ्या घालत आणि भट्टीभोवती कोंडाळं करून बसत. हातात सूर्यफुलाच्या बिया. टरफलं सरळ भट्टीत. तोंडं भाजायची आणि पाठी गारठायच्या, म्हणून थोड्या थोड्या वेळाने सगळे न बोलता वळत, कणसं भाजताना वळवतात तसे. मी शहरात वाढलेली, कॉलेजात शिकलेली; मला पहिल्यांदा ते बघून हसू आवरेना. तातोंनी मलाही एक बादली पालथी घालून दिली. म्हणाले, “बस, हाल्या. हसायला इथे पैसे पडत नाहीत.”

हाल्या म्हणजे मी. तातो म्हणजे सासरे, नेस्तर. सगळं घर त्यांना तातोच, म्हणजे बाबाच, म्हणायचं.

मग विमावाल्यांनी सांगितलं की डिझेल आणि ग्रीसच्या शेजारी लाकडाची भट्टी चालणार नाही. घरामागे प्रोपेन गॅसची मोठी पांढरी टाकी होतीच. तिथून एक नळी वर्कशॉपपर्यंत न्यायची, एवढंच. पण तिच्या टोकाला काय बसवायचं, यावर आमच्या जेवणाच्या टेबलाशी अख्खा उन्हाळा गेला.

माझा नवरा रोमान पंख्याच्या हीटरवर अडून बसला होता. “छताला टांगायचा, बटण दाबायचं, दहा मिनिटांत गरम.”

“दहा मिनिटांत सगळी धूळ माझ्या उघड्या इंजिनात,” तातो म्हणाले.

“मग फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या घालू.”

“म्हणजे आधी फरशी फोडायची. चांगली कल्पना आहे. मग घरही पाडू, त्याच्याखालीही घालू.”

“तातो, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?”

“मला भट्टी हवीय.”

शेवटी छताखालून जाणाऱ्या लांब नळीवर एकमत झालं. तिच्या एका टोकाला ज्योत असते, नळी तापते आणि उन्हासारखी वरून ऊब पाडते. त्याआधी रोमानने भिंतींना आणि छताला फोम मारून घेतला आणि रबराच्या कडा असलेलं नवं दार बसवलं. आमच्याकडे सगळे हेच करतात. आधी भोकं बुजवायची, म्हणजे हीटर लहान पुरतो. हिशेब अगदी बरोबर होता.

फक्त हीटर बसवणाऱ्यांना आमच्या जुन्या पंचांगातल्या नाताळाच्या आधी, म्हणजे सात जानेवारीपर्यंत, सवड नव्हती. तोवर तातोंनी कोपऱ्यातला जुना हीटर काढला. सिलिंडरच्या डोक्यावर बसवायचा, सूर्यफुलासारखा गोल, लाल तोंडाचा. धुराडं वगैरे काही नाही. जुन्या वर्कशॉपमध्ये त्याने वर्षानुवर्षं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. तातोंनी त्याच्यासमोर बादली पालथी घातली आणि दार लावून घेतलं. बाहेर उणे तीस असताना कोण उघडं ठेवेल?

डिसेंबर सुरू झाला आणि तातो हरवायला लागले.

आधी लहान लहान गोष्टी. जेवायला आले की पाना कुठे ठेवला ते आठवेना. डोकं दुखतं म्हणायचे. एकदा मला त्यांनी स्लावका म्हणून हाक मारली. स्लावका माझ्या सासूबाईंचं नाव. मी त्यांना पाहिलेलंही नाही. मी ओ दिली. दुसरं काय करणार? मग एकदा धान्याचा ट्रक मागे घेताना त्यांनी कुंपणाचा खांब पाडला आणि उतरून त्याच्याकडे असे बघत उभे राहिले, जसं काही तो खांब पाहुणा म्हणून आलाय.

रोमानने ट्रकच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या. नंतर भांडी पुसता पुसता तो मला हळूच म्हणाला, “गावातल्या वृद्धाश्रमात फेब्रुवारीत एक खोली मोकळी होतेय. डॉक्टरने हो म्हटलं तर...”

“त्यांना वर्कशॉपशिवाय ठेवणार?”

“मग एक दिवस करवतीत हात घालू देऊ का?”

त्याचे डोळे लाल झाले होते. मी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली भांडी पुसली.

मला लक्ष ठेवायची खोड आहे. मूल झाल्यापासून जास्तच. सोल्या किती झोपली, किती प्यायली, श्वास कसा घेते, सगळ्यावर माझे कान. तशीच नजर मी आता तातोंवरही ठेवत होते. म्हणून माझ्या ध्यानात आलं, की तातो रविवारी बरे असतात. चर्चमधून आल्यावर बटाट्याच्या पेरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, खाताखाता ते पराशाला चिडवायचे, तिच्या लग्नातल्या बँडवाल्याचं नाव, त्याच्या घोडीचं नाव, सगळं सांगायचे. मी रोमानला म्हटलंही. तो म्हणाला, “म्हाताऱ्यांना जुनं आठवतंच, हाल्या. नवं आठवत नाही.”

मग बर्फाचं वादळ आलं. अंगणापलीकडचं वर्कशॉप दिसेना, तीन दिवस कोणी दाराबाहेर पडलं नाही. तातो घरात पत्ते कुटत बसले आणि रोमानला एकेक डाव हरवत गेले. कोणता पत्ता कोणी कधी टाकला, सगळं ध्यानात. नवंच होतं ना ते?

“बाळा, तुझी अक्कल कुठे गोठली?” ते रोमानला म्हणाले. “ट्रकच्या किल्ल्या माझ्याकडे दे, वितळतील.”

वादळ निवळल्यावर सकाळी ते वर्कशॉपला गेले. साडेदहाला मी कडेवर सोल्या आणि हातात कॉफीचा थर्मास घेऊन तिकडे गेले. तातोंच्या पुढ्यात ट्रॅक्टरचा पंप उघडा पडला होता. मीही बादलीवर टेकले, गप्पा सुरू झाल्या. थोड्या वेळाने सोल्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. ही पोरगी त्या वेळेला कधी झोपत नाही. गाल लाल. माझ्या कपाळात काहीतरी ठोके देत होतं.

“स्लावका,” तातो म्हणाले, “लेकराला भूक लागलीय बघ.”

मी उठले ते दार सताड उघडलं आणि तातोंचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. ते मला वेडी म्हणाले, टोपी राहिली म्हणाले. थंडीत सोल्या भोकाड पसरून रडली. तिचं ते रडणं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

रोमानचा विश्वास बसेना. “वास नाही, धूर नाही. तू उगाच...”

“उगाच तर उगाच. रविवारी आणि वादळात ते इथे बसले नाहीत, तेव्हाच बरे होते,” मी म्हटलं. सोल्याच्या खोलीतला कार्बन मोनॉक्साइडचा, त्या बिनवासाच्या विषारी वायूचा, अलार्म मी भिंतीवरून उपटला, वर्कशॉपमध्ये नेऊन लावला, दार बंद केलं आणि हीटर पेटता ठेवून आम्ही दोघं बाहेर बर्फात उभे राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. रोमान माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागला होता. मग आतून तो आवाज सुरू झाला. नव्या घट्ट दारातूनही स्पष्ट ऐकू येत होता.

रोमान आत धावला, सिलिंडर बंद केला आणि दार उघडं टाकून बाहेर आला. बर्फावरच बसला. पराशाने काय सांगितलं होतं ते मी त्याला तेव्हा सांगितलं.

दवाखान्यात तातोंना आणि आम्हा मायलेकींना नळीने प्राणवायू दिला. डॉक्टर म्हणाला, वृद्धाश्रमाचं नंतर बघू, आधी हवा बदला. महिन्याभरात तातो बरेचसे परतले. काही नावं मात्र गेली ती गेलीच. बँडवाल्याची घोडी राहिली, बँडवाला गेला. रोमानने किल्ल्या आपण होऊन त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या. तातोंनी त्या बघितल्या आणि म्हणाले, “लोणी दे.”

लांब नळीचा हीटर शेवटी लागला, पण तातोंनी स्वतः तपासून निवडलेला: ज्योत डब्यात बंद, हवा बाहेरून घेणारा, धूर बाहेर सोडणारा. ऊब अख्ख्या वर्कशॉपभर सारखी पडायची, अगदी दाराशीसुद्धा. तातो पहिल्या दिवशी मधोमध उभे राहिले, चारी बाजूंना बघितलं.

“ऊब सगळीकडे आहे,” ते म्हणाले, “पण बसायचं कुठे?”

आणि मग त्यांनी जिथे पूर्वी भट्टी होती त्या रिकाम्या जागेभोवती बादल्या पालथ्या घातल्या. शेजारी आले, बसले. एकाने बोलता बोलता मधल्या रिकामपणाकडे हात पुढे केले, शेकायला. कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने सगळ्यांनी पाठी वळवल्या.

त्यानंतर तातोंनी आणखी सहा पेरण्या पाहिल्या. गेले ते वसंतात, स्वतःच्या पलंगावर, खिडकी बोटभर उघडी ठेवून. पराशा अजून आहे. सोल्या शाळेत जाते. वर्कशॉप तेवढंच उबदार आहे, पण जानेवारीत आता फारसं कोणी येत नाही. मी कधी कधी कॉफी घेऊन एकटीच जाऊन बसते.

तुमचंही कोणी असेल. वडील, काका, शेजारचा एकटा म्हातारा, जो थंडीत दार लावून काहीबाही दुरुस्त करत बसतो आणि हल्ली जरा विसरतो. त्याला फोन करू नका, फोनवर तो ‘ठीक आहे’ म्हणेल. उठा आणि जाऊन या. दार उघडा, थोडा वेळ त्याच्याजवळ बसा आणि तुमचं डोकं दुखतंय का ते बघा.