ई नसलेला शब्द

"अय्यो नागोजीअण्णा, हा तो शब्दच नव्हे!" कमलाक्कांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "तुम्ही डिक्शनरीत बघितलात त्याच्या शेवटी ई आहे. त्याचा अर्थ तिटकारा. ह्याला ई कुठं आहे?"

"एका ईनं काय होतंय, अक्का?" नागोजीराव हसले.

पोरीला परदेशी का हाकललंत, असं शेजारच्या अक्का रोज टोचायच्या, म्हणून आज ते पुरावाच घेऊन आले होते. अक्कांनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. नागोजीरावांचं इंग्रजी कारखान्याच्या स्टोअरपुरतं: नट, बोल्ट, रिसीव्ड, इश्यूड. आणि लीव्ह म्हणजे रजा. उभ्या नोकरीत रजेच्या अर्जाखेरीज त्यांनी इंग्रजीत काही लिहिलंच नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी संपदा, त्यांची एकुलती एक लेक, लॅपटॉप उघडा टाकून दार उघडायला गेली होती. तिनं ऑफिसला लिहिलेलं एक वाक्य त्यांनी ह्याच चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवून घेतलं. आय ॲम लोथ टु लीव्ह माय फादर. त्याआधी त्यांच्या बायपासपायी पोरीची सगळी रजा संपली होती. डिक्शनरीत लोथचा अर्थ तिटकारा सापडला, लीव्ह तर पाठच होतं. झालं, अर्थ लागला! बापासाठी रजा काढायचा पोरीला वीट आला होता.

त्याच आठवड्यात तिनं विचारलं, "अण्णा, कंपनी डब्लिनला पाठवतेय. नको म्हणू का?"

"जा की. तुझ्यावाचून काय अडलंय माझं?" पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले. ती रडली आणि गेली. काळजावर दगड ठेवून त्यांनी तिला मोकळं केलं होतं.

"मग ह्याचा अर्थ काय?" त्यांनी आता विचारलं.

"मन होत नाही, असा. आणि इथं लीव्ह म्हणजे रजा नव्हे हो, सोडून जाणं. वडलांना सोडून जायला माझं मन होत नाही, असं लिहिलंय पोरीनं."

नागोजीरावांनी चिठ्ठी परत घेतली. सत्तराव्या वर्षी एक शब्द शिकलो, तो न शिकताच मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

घरी येऊन त्यांनी फोन लावला.

"संपदा, तुला परत यायचं असलं तर..."

"अण्णा, कालच इथल्या कायमच्या नोकरीच्या करारावर सही केली मी. तुम्हीच म्हणालात ना, काय अडलंय म्हणून. का हो? बरं आहे ना तुम्हाला?"

चूक सांगावी तर पोरीच्या जिवाला जन्माचा घोर लागला असता.

"सरी, सरी, ठीक. बरा आहे. सहजच केला."

"मीटिंग आहे माझी. ठेवा हं, अण्णा."

"ठेवतो," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "ठेवतो."

पलीकडे तिनंही फोन ठेवला नव्हता.