अर्धशिशीतली शिशी

"निघाला! निघाला!"

हॉलमध्ये एकच गलका उठला. मागच्या रांगांतले लोक खुर्च्यांवर चढले, पुढच्यांनी हात जोडले, आणि व्यासपीठावर, अंगातले रोग हातानं उपसून काढणाऱ्या उपसेबाबांनी रक्तासारख्या पाण्यानं लालभडक झालेली आपली मूठ सावकाश उघडली. तळहातावरच्या ओल्या कापसात काहीतरी हललं. आधी एक पाय, मग दुसरा. कोटाच्या बटणाएवढा खेकडा होता तो, आणि चक्क जिवंत!

"हा बघा कर्क!" बाबा गरजले. "डॉक्टर म्हणतात कर्करोग. अरे, शब्दातच लिहिलंय ना सगळं! कर्क म्हणजे खेकडा. आत खेकडा बसलाय, नांग्यांनी पोखरतोय, आणि हे शहाणे बाहेरून गोळ्या देतायत! घरात चोर शिरला तर चोराला बाहेर काढाल की भिंतींना रंग द्याल?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दाराशी उभ्या असलेल्या शब्दबाईचे हात मात्र जागचे हलले नाहीत. कारण व्यासपीठावर पांढऱ्या चादरीखाली जी बाई आडवी पडली होती, ती तिची सख्खी थोरली बहीण होती.

शब्दबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. नर्सिंगच्या शाळेत ती वैद्यकीय शब्द शिकवायची. कुठला शब्द कुठून आला, त्याचा अर्थ काय, तो लक्षात कसा ठेवायचा. मुलींनी तिचं नाव शब्दबाई ठेवलं, थोडं प्रेमानं, थोडं वात्रटपणानं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. घरीदारी, अगदी दूधवालासुद्धा तिला शब्दबाई म्हणायचा.

आणि याच शब्दबाईच्या ताईचा एका शब्दानं घात केला होता. ताई घरी शिवणकाम करायची. मशीनवर वाकताना छातीत काहीतरी टोचल्यासारखं वाटलं, हात लावला तर गाठ. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "कार्सिनोमा आहे. वेळेवर सापडलाय, लगेच ऑपरेशन करून टाकू." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. ताईनं मान हलवली. कळलं काहीच नव्हतं, पण डॉक्टरांना विचारायचं कसं? भावोजींनी शेजाऱ्यांना विचारलं. शेजारी म्हणाले, कर्करोग. तिथून पुढे त्या घरात कुणी तो शब्द उच्चारला नाही. सगळे त्याला 'ते' म्हणू लागले. 'ते' वाढलं तर, 'ते' पसरलं तर. नुसत्या भीतीनं ताई अर्धी झाली. आणि अशा घराचं दार उपसेबाबांच्या माणसांना बरोबर सापडतं.

खेकडा निघाला त्या दिवशी संध्याकाळी शब्दबाई ताईकडे गेली, तर शिलाई मशीनशेजारी काचेची बरणी ठेवलेली. बरणीत थोडं पाणी, आणि पाण्यात तो खेकडा.

"ताई, हे काय गं?"

"माझ्यातून निघालाय तो. बाबा म्हणाले, डोळ्यासमोर ठेवा, म्हणजे परत शिरणार नाही." ताई हसत होती. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसत होता, आणि ते बघूनच शब्दबाईनं घाईनं विचारलं.

"आणि ऑपरेशन?"

"कशाला ऑपरेशन? चोर गेला की गं घराबाहेर!"

"ऑपरेशन रद्द केलंय मी," भावोजी मधेच म्हणाले. "आणि हे बघ, तुझी ती पुस्तकं इथे काढू नकोस. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"भावोजी, गाठ गेली का? हात लावून तरी बघितलंत का कुणी?"

"बाबांनी सांगितलंय, हात लावायचा नाही. जखम आतून भरून येते आहे."

वा रे बाबा! शब्दबाई मनात चरफडली. तपासायचंच नाही म्हटल्यावर खोटं सापडणार कसं? दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना गाठलं. ते आधी चिडले, मग शांतपणे बोलू लागले. "बाई, गाठ अजून लहान आहे," ते म्हणाले. "आत्ता काढली तर तुमच्या बहिणीला चांगली संधी आहे. पण ती काही आमच्या सोयीनं थांबणार नाही. कसंही करून आणा तिला." ताईला समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे त्या डॉक्टरांना कुठून माहीत असणार!

शब्दबाई पुन्हा त्या हॉलमध्ये गेली आणि मागच्या खुर्चीत बसून नुसती बघत राहिली. एक म्हातारे आजोबा आले. मोतीबिंदू. बाबांनी त्यांच्या डोळ्यांवर कापूस फिरवला आणि कापसातून काढला पाणीदार मोती! लोकांनी 'अहाहा' केलं. मोती मुठीत घेऊन आजोबा उतरायला लागले आणि पहिल्याच पायरीवर अडखळून समोरच्या बाईच्या मांडीवर पडले. त्यावर बाबा लगेच म्हणाले, "नव्या उजेडानं दिपले!" मग आला एक जाडजूड दुकानदार. मूळव्याध. त्याला पडद्याआड नेलं, तो दोनदा कण्हला, आणि बाबा बाहेर आले ते हातात झाडाचं मूळ घेऊन. चांगलं बोटभर, मातीसकट!

शब्दबाईला हसू फुटलं आणि पाठोपाठ अंगावर काटा आला. हा माणूस रोग काढतच नव्हता. हा शब्द काढत होता! मोतीबिंदूला मोती, मूळव्याधीला मूळ, कर्करोगाला कर्क. बाबांचं सगळं वैद्यक शब्दाच्या सालीवर चाललं होतं. आणि दारातच एक बाई प्रत्येकाला गोड आवाजात विचारत होती, "काय त्रास आहे हो तुम्हाला?" म्हणजे आत निरोप आधी पोचतो आणि वस्तू मागून निघते.

घरी येऊन अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं विचार केला. तिला स्वतःला वरचेवर डोकेदुखी व्हायची, अर्धं डोकं ठणकायचं, उजेड सहन व्हायचा नाही. त्या दुखण्याचं आपल्या भाषेतलं नाव आठवलं आणि ती जागच्या जागी उठून बसली.

"ताई," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मलाही बाबांकडे यायचंय. तू चल माझ्याबरोबर."

ताईचे डोळेच भरून आले. "आलं ना गं शहाणपण! चल, तुझे भावोजीही येतील, आणि मी पुढे बसते तुझा हात धरून."

ताईला असं फसवताना शब्दबाईला बरं वाटलं नाही. पण बरणीतला खेकडा आठवला आणि तिनं जीभ आवरली.

दारातल्या बाईनं विचारलं, "काय त्रास?"

"अर्धशिशी," शब्दबाई म्हणाली.

बराच वेळ बसवून ठेवल्यावर तिचा नंबर लागला. बाबांनी डोळे मिटले, तिच्या कपाळापुढे हात हलवले आणि सुरू झाले, "मस्तकात काच आहे! काच! ती चमकते तेव्हा ठणका उठतो! कुणाची दृष्ट, कुणाचा तळतळाट, आत काच होऊन बसलाय! कापूस आणा!"

चेल्यानं ताट पुढे केलं. बाबांनी त्यातला एक बोळा उचलला आणि हात तिच्या डोक्याकडे नेला. तोच शब्दबाईनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं.

"ताई, बघ!" ती ओरडली. "बोळा अजून माझ्या डोक्याला लागलेला नाही. बघा सगळ्यांनी!"

बाबा हात सोडवायला लागले. पण ताई, भाबडी ताई, जवळच बसली होती. बहिणीला काहीतरी होतंय असं वाटून ती उठली आणि तिनं बाबांची मूठ सोडवायला घेतली. बोळा खाली पडला, उलगडला, आणि फरशीवर टण्‌ असा आवाज झाला. औषधाची छोटी शिशी होती. बरोबर मधोमध कापलेली. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, म्हणजे बाबांच्या बोटाला लागायला नको.

मागच्या रांगांतले लोक पुन्हा खुर्च्यांवर चढले.

"अर्धी शिशी!" शब्दबाई म्हणाली. तिनं ती उचलून सगळ्यांना दाखवली. "अहो बाबा, अर्धशिशीतली शिशी म्हणजे बाटली नव्हे हो! शीर्ष म्हणजे डोकं. अर्धशीर्ष. बोलता बोलता लोकांनी त्याची अर्धशिशी केली. इंग्रजीत मायग्रेन म्हणतात, तोही जुना ग्रीक शब्द झिजून झालाय, आणि त्याचाही अर्थ अर्धी कवटी! काढायचंच होतं तर अर्धं डोकं काढायचं होतंत. पण ते लपवायला कापूस पुरला नसता!"

कुणीतरी फिसकन हसलं. दुसरा कुणी ओरडला, "खाली उतरवा त्या बाईला!" बाबाही सावरले. "ही परीक्षा घेणारी आहे! श्रद्धा नसली की देह उलटं दाखवतो!"

"बरं," शब्दबाई म्हणाली. "मोतीबिंदूला इंग्रजीत कॅटरॅक्ट म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ धबधबा. आजोबांनी दारात इंग्रजी शब्द सांगितला असता, तर तुम्ही डोळ्यातून धबधबा काढला असता का?"

बाबांची मान मागे वळली. ते मागच्या पडद्याकडे बघत होते. भावोजींनी ते पाहिलं. ते उठले, पडदा बाजूला सारून आत गेले, आणि चेले आडवे येईपर्यंत एक थर्माकोलचा डबा उचलून बाहेर आले. डब्यात बर्फ होता. बर्फावर ओलं फडकं, फडक्यावर छोटे छोटे खेकडे ओळीनं, दगडासारखे निपचित. भावोजींनी एक उचलून हातावर घेतला. आता सगळेच बघत होते. हाताची ऊब लागली, आणि थोड्या वेळानं खेकड्यानं आधी एक पाय हलवला, मग दुसरा.

"असाच," भावोजी हळूच म्हणाले. "अगदी असाच हलला होता." आणि त्यांनी तो डबा सगळ्यांना दिसेल असा व्यासपीठावर ठेवला.

पुढे पळापळ झाली, आरडाओरडा झाला, बाबा मागच्या दारानं निघून गेले. आश्चर्य म्हणजे काही लोक त्यांच्या मागे धावले, मारायला नव्हे, तर पाया पडायला. आजोबा मोती मुठीत घट्ट धरून तसेच बसून होते. शब्दबाईला या विजयाचं काडीचंही कौतुक वाटलं नाही. ती ताईला शोधत होती.

ताई घरी गेली होती. शिलाई मशीनसमोर, बरणीकडे बघत बसली होती.

"शिशी खोटी," ती बहिणीकडे न बघता म्हणाली. "डब्यातले खेकडेही खोटे. पण रोगाचं नाव तर खरं आहे ना? डॉक्टरच म्हणतात कर्क. मग हा कुठून आला त्या नावात?"

शब्दबाई तिच्या शेजारी बसली. "ताई, हजारो वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या एका वैद्यानं अशी गाठ पाहिली. गाठीभोवती शिरा फुगल्या होत्या, चहूबाजूंनी पसरलेल्या. त्याला त्या खेकड्याच्या पायांसारख्या वाटल्या. म्हणून तो खेकडा म्हणाला. उपमा दिली गं, फक्त उपमा. तोच शब्द या भाषेतून त्या भाषेत गेला, कुणी कॅन्सर म्हणालं, आपण कर्क म्हणालो. डॉक्टरांचा कार्सिनोमाही त्याच घरातला. त्या वैद्याला कोळी आठवला असता तर आज त्या डब्यात कोळी असते."

"म्हणजे माझ्यात खेकडा कधी नव्हताच?"

"कधीच नव्हता."

"मग काय आहे?"

"तुझ्याच शरीराच्या पेशी आहेत. वाढायचं थांबायला विसरलेल्या. कुणाचा शाप नाही, दृष्ट नाही, तुझी काही चूक नाही."

ताईनं बरणी बाजूला सारली. मग तिनं उजवा हात उचलला आणि बाबांनी मनाई केलेल्या जागी, पदराआडून, स्वतःच नेला. तिची बोटं थांबली.

"आहे गं," ती म्हणाली. "आहे तिथेच आहे." आणि इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा रडली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी. शब्दबाईनं तिला कुशीत घेतलं. दारात भावोजी उभे होते, त्यांना आत यायचं धाडस होत नव्हतं.

"अहो," ताई डोळे पुसत म्हणाली, "तो खेकडा नेऊन पाण्यात सोडा. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आणि दवाखान्यात फोन करा."

ऑपरेशन झालं. मधल्या काळात गाठ वाढली होती, जरा जास्तच काढावं लागलं, पुढचे उपचार अजून चालू आहेत. डॉक्टर आशा आहे म्हणतात, खात्री आहे म्हणत नाहीत, आणि ते खरं बोलतायत म्हणून ताईचा त्यांच्यावर विश्वास बसलाय. पण खेकडा बघत गेलेले ते दिवस कुणी परत आणून देणार नाही.

तेव्हा मंडळी, एवढंच सांगणं आहे. हातचलाखी करणाऱ्याला तुमच्या न कळलेल्या शब्दाएवढी जागाही पुरते. तिथे तो मोतीही ठेवतो आणि खेकडाही. म्हणून शब्द कळला नाही तर लाजू नका, डॉक्टर घाईत असले तरी विचारा. आणि जो म्हणेल की तपासू नका, हात लावू नका, त्याची मूठ आधी उघडून बघा.

परवा तपासणीच्या वेळी डॉक्टर काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव सांगून पुढच्या खाटेकडे वळले. ताईनं त्यांची बाही धरली.

"थांबा डॉक्टर," ती म्हणाली. "म्हणजे काय?"

डॉक्टर थांबले, खुर्ची ओढून बसले, आणि सांगू लागले.