दोन सूत

ज्या वर्षी नामदेवची थोरली शकू लग्न होऊन सातपाटीला गेली, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी झाले. साल १९८६. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. आत काही साठवावं म्हणून मला कुणी केलं नव्हतं. माझं काम मोजायचं, आणि बसलं नाही तर नाही म्हणायचं. नाही म्हणून म्हणून मी फार थकले आहे.

नामदेव हा तारापूरच्या किनाऱ्यावरचा होड्यांचा सुतार. होड्यांचं काम मंदावलं तसा तो बोईसरच्या एका शाळेत लागला. बाकाचे पाय बसव, खिडकीला फळी ठोक, असली कामं. त्या शाळेत नागोराव नावाचे विज्ञानाचे सर होते, मूळचे नांदेडकडचे. त्यांनी दर जानेवारीला यंत्रमानव स्पर्धा भरवायचं ठरवलं. यंत्रमानव म्हणत, पण माणसासारखं त्यात काही नसे. बॅटरीवर चालणारी चाकांची खोकी ती. चार लोखंडी नट उचलून फूटभर उंच ओट्यावर नेऊन ठेवायचे, एवढाच खेळ. कुणी वर चढायला रॅम्प करी, कुणी दोरीची लिफ्ट. मात्र सुरुवातीला यंत्र जसं जमिनीवर उभं राहणार तसंच पेटीत उभं राहिलं पाहिजे, आणि झाकण टेकलं पाहिजे. पेटी आतून अठरा इंच लांब, अठरा रुंद, अठरा उंच. ती पेटी म्हणजे मी.

नामदेवने मला होडीच्या उरलेल्या फळ्यांतून घडवलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि फळ्या ओलसर होत्या. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. जन्मभर त्याने पाण्यात राहणारं लाकूडच जोडलं होतं. ओलं लाकूड होडीत बसवलं की समुद्र त्याला ओलंच ठेवतो. मला मात्र पत्र्याच्या कोठीत राहायचं होतं. चार उन्हाळे मी त्या पत्र्याखाली भाजले. अंगातलं पाणी गेलं, फळ्या आकसल्या. रुंदीला, लांबीला फरक पडला नाही, पण उंचीत मी दोन सूत खाली बसले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मुलांची यंत्रं माझ्या काठाच्या बरीच खाली राहत. पहिली चार वर्षं माझं कौतुकच झालं. सर म्हणत, "आपली पेटी कुणाची भीड धरत नाही." ते ऐकून मी फुगत असे. तेवढंच काय ते फुगणं.

पाचव्या वर्षी, १९९१ला, नामदेवची धाकटी हंसा नववीत होती. पहिला येणाऱ्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनाला ठाण्याला नेणार होते, आणि हंसाला तिथं जायचंच होतं. रॅम्प जितकी लांब तितकी चढण सोपी, हे तिला वाळूवर होड्या ओढताना बघूनच ठाऊक होतं. म्हणून तिने नियमात बसेल तेवढी लांब रॅम्प केली. दोन फळ्या बिजागरीने जोडून उभ्या घडी केल्या. टोकाला पत्र्याची वाकडी चोच लावली. ती ओट्याच्या कडेला अडकली की रॅम्प हलायची नाही. सगळं मिळून उंची अठरा इंचाला एक सूत कमी. तीन महिने ती मापं घेत होती.

स्पर्धेच्या सकाळी मैदानात गर्दी झाली. सालवडच्या मुलांनी लिफ्ट आणली होती. त्यांच्यातला चंद्रभान नाक मुरडत म्हणाला, "हिच्या यंत्राला सुक्या बोंबलाचा वास येतोय."

"मंग नाक धरून हर," हंसा म्हणाली. आजूबाजूची मुलं खो खो हसली.

झाकण लावायचं काम दरवर्षी नामदेवचं. हंसाने यंत्र माझ्यात उभं केलं आणि बापाने झाकण ठेवलं. ते टेकलं नाही. काडेपेटीची काडी जाईल एवढी फट राहिली.

"मामा, जरा दाबून बघा," सर म्हणाले.

नामदेवने माझ्या कोपऱ्यावर हात ठेवला. सांध्यावरून अंगठा फिरवला. खिळ्यांची डोकी वर आली होती, ती त्याच्या बोटाला लागली. त्याच क्षणी त्याला कळलं. मला ते त्याच्या हातातून कळलं. त्याचा हात थोडा वेळ तिथंच राहिला.

"दाबून नाय बसत, सर," तो म्हणाला.

"सर, मी मोजलंय! पट्टीने मोजलंय!" हंसा ओरडली.

"नियमांच्या कागदावर पेटी लिहिलीय ना, हंसा? पेटीत बसलं तर बसलं. दहा मिनिटं देतो," सर म्हणाले.

चंद्रभान नाक धरून उभा होता. हंसाने बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे बघत होता. मग तिने करवतीचं पातं घेतलं आणि पत्र्याची चोच कापून टाकली. झाकण टेकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हंसाची गाडी रॅम्पवर चढली, झोकात चढली. शेवटच्या वितीवर रॅम्पचं टोक कडेवरून सरकलं, कारण धरायला चोच नव्हती. गाडी उलटी पडली, नट मातीत गेले. सालवडची लिफ्ट पहिली आली.

दुसऱ्या दिवशी नामदेव कोठीत आला. त्याने माझ्यात पट्टी उभी धरली. पावणेअठरा. तो माझ्या शेजारी खाली बसला. हंसा त्याचा डबा घेऊन आली ती दारातच थांबली. पट्टी अजून माझ्यात उभी होती. तिने आकडा वाचला.

"बाबा, काल तुमाला ठाव होतं?"

"हात लावला तवा कळलं."

"मंग बोललात का नाय?"

"पेटी मी केलेली, पोर माझी. मी बोललो असतो तर सगळे म्हनाले असते, बापाने पोरीसाठी पेटी वाढवली. तू जिंकली असतीस तरी खोटी ठरली असतीस, हंसे."

तिने डबा त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "हरले त्याचं काय नाय, बाबा. बरोबर होतं ते मी माज्या हाताने कापलं."

नामदेवने डबा तसाच बाजूला सारला.

मग तो उठून सरांकडे गेला आणि सगळं सांगितलं. सर स्वतः कोठीत आले. पट्टी पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. "मी कुणाची भीड न धरणाऱ्या पेटीची फुशारकी मारत होतो," ते म्हणाले, "पण तिला एकदाही मोजलं नाही." प्रदर्शनाची नावं तोवर ठाण्याला कळवून झाली होती. त्यांनी हंसाला विचारलं, "आता काय करू, सांग." तिने नियमांचा कागद मागितला आणि सगळ्यांत वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: यंत्र मोजण्याआधी पेटी मोजावी. नामदेवने माझ्या काठावर चारी बाजूंनी दोन सुतांची पट्टी ठोकली, या खेपेला चांगल्या सुकलेल्या लाकडाची.

त्यानंतर पाच वर्षं स्पर्धेआधी मलाच आधी मोजत. मग सरांची बदली झाली, स्पर्धा बंद पडली. आता माझ्यात खडूचे तुकडे आणि फाटके नकाशे आहेत. तळाला वाळवी लागली आहे. कुणी विचारत नाही, आणि मीही आता कशाची वाट बघत नाही.

एकदाच हंसा आली. तिने नकाशे बाजूला केले आणि माझ्यात पट्टी उभी धरली. "अठरा," ती म्हणाली. पट्टीवरून पदर फिरवला आणि गेली. ती नामदेवची मोजपट्टी होती.

मित्रांनो, ज्या वस्तूने तुम्ही दुसऱ्याला मोजता तिला वर्षातून एकदा तरी उन्हातून उचला, पुसा आणि मोजा. ती स्वतःहून सांगू शकत नाही. मी सांगू शकले नाही.

नामदेव १९९७ सालच्या चैत्रात, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी वारला. हंसा आली तो त्याचा चौदावा दिवस होता.