जांभळ्या खणाचा मास्क

नवरा अमृतराव दवाखान्यात निघाले तेव्हा गौरम्मानं त्यांना जांभळ्या खणाचा मास्क शिवून दिला होता. कोरोनाच्या त्या दिवसांत नाव विचारायला कुणाला उसंत होती? लातूरच्या दवाखान्यात तिला काचेआडून मयत दाखवलं. डोळे मिटलेले, तोंडावर तोच खण. "हाव, हेच आमचे मालक," म्हणत तिनं हंबरडा फोडला. औशात लिंगायतांच्या रिवाजानं मयत बसवून, वरून भस्म टाकून पुरलं.

आठवड्यानं अमृतराव शुद्धीवर आले आणि फोन केला. "गौरा, न्यायला ये. आन दुसरा मास्क आण. तो शेजारच्या खाटेवरच्या शेषेरावाला दिला. लई खोकत होता बिचारा."

शेषेरावाची बायको सिंधू जळकोटहून औशाला आली. त्यांच्यात जाळतात. अस्थींसाठी आणलेलं मडकं तिनं तसंच मातीच्या ढिगाजवळ ठेवलं. गौरम्माला मान वर करवेना.

"बाई, लई रडलात का तुमी?" सिंधूनं विचारलं.

"लई रडले."

"बरं झालं. मला तर कुणी सांगितलंच न्हाई. कुणीतरी बायकोवानी रडलं म्हणायचं त्यायच्यासाठी."