डिसेंबरनंतर बघू

"मॅनेजर झालीस, तिथंच फसलीस बघ," कॉफी ढवळत डंकनने सांगून टाकले.

रोझलिंडला वाटले, हा थट्टा करतोय. डंकनचा धंदाच माणसे हेरून फंडांना पुरवायचा. कंपन्या विकत घ्यायच्या, ठाकठीक करायच्या आणि फायद्यात विकायच्या, असले ते फंड. रोझलिंडला तिथेच जायचे होते. म्हणून तर पाच वर्षांपूर्वी तिने लंडनमधली सगळ्यात नावाजलेली सल्लागार कंपनी निवडली होती. नाव मोठे, म्हणजे पुढचे दार आपोआप उघडेल, एवढाच तिचा हिशोब! आता फंडांचीच कामे करणाऱ्या एका छोट्या कंपनीने तिला बोलावले होते आणि संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर हवे होते.

"त्यांच्याकडे एक पायरी खाली जाईन मी. चालेल मला."

"तुला चालेल गं, फंडांना कुठं चालतंय? त्यांना दोन-तीनच वर्षं मुरलेली पोरं लागतात. तू प्रमोशनची वाट बघत बसलीस. आता खाली उतरलीस तर म्हणतील, हिचं काहीतरी बिनसलं असणार."

"मग आधी का नाही बोललास?"

"तीनदा फोन केला होता बाई. दर वेळी म्हणालीस, प्रमोशन होऊ दे, डिसेंबरनंतर बघू."

खरेच होते ते. रोझलिंडला स्वतःचाच राग आला, पण धड रागावण्याइतकेही त्राण उरले नव्हते. ऑफिसात परतून तिने त्या छोट्या कंपनीला नकार कळवला.

फोन ठेवते न ठेवते तोच तिच्या हाताखालची फ्रेया आत आली. दोन वर्षांत या पोरीने टीमचे निम्मे काम अंगावर घेतले होते. काहीही करून तिला थांबव, असे बड्या साहेबांनी कालच रोझलिंडला बजावले होते. फ्रेया गेली तर तिचे सगळे काम रोझलिंडच्याच गळ्यात पडणार होते.

"एका फंडानं बोलावलंय," फ्रेया म्हणाली. "पण मी म्हणते, आधी मॅनेजर होते, मग जाते. ऐटीत! कसं वाटतं?"

'छान' एवढे म्हटले असते तरी भागले असते. रोझलिंडने उठून दार लावून घेतले.

"बस. त्यांना आजच हो म्हण."

"आजच? अगं, आणि इथलं काम?"

"ते माझ्यावर सोड. आधी फोन कर."

फ्रेया तिथेच बसून फोन लावू लागली. रोझलिंडने तिच्याकडच्या कामांची यादी उघडली आणि एकेका कामापुढे स्वतःचे नाव घालायला सुरुवात केली.