कंपनीचा रिमोट

ऋतुजाला आपल्याच गाडीची भीती वाटायला लागली ती दिवाळीपासून.

गाडी तिची होती हे कागदावर तरी खरं होतं. लग्नाच्या वर्षी, २००५ साली, तिच्या वडिलांनी, दत्तोबांनी, ती मोठी डिझेल गाडी तिच्या नावावर घेऊन दिली होती. कंपनीतून गाडी आली तेव्हा तिच्यासोबत दोन बटणांचा साधा काळा रिमोट होता. एका बटणानं दारं उघडायची, दुसऱ्यानं लागायची. ना आवाज, ना उजेड. पुढे धायरीतली जमीन बिल्डरला गेली, घरात पैसा खेळायला लागला, आणि तिच्या नवऱ्यानं, इंद्रजीतनं, ती कंपनीची सोय काढून बाजारातली सिक्युरिटी बसवून घेतली. आता गाडी लावताना ‘टुक’ आणि उघडताना ‘टुक टुक’ वाजायची. अख्ख्या आळीला कळायचं. या नव्या रिमोटला एक तिसरं, लाल बटणही होतं. त्यानं चालू इंजिन बंद पडायचं.

लाल बटणाचा उपयोग तिला भाऊबीजेला समजला. शाल्मलीला घेऊन ती बारामतीला माहेरी निघाली होती. इंद्रजीत ‘जा की’ म्हणाला आणि दुसऱ्या गाडीनं मागोमाग आला. नवले पुलाच्या उतारावर अचानक तिच्या गाडीचं इंजिन गप्प झालं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेकवर उभी राहिली तरी गाडी घसरतच होती. मागून येणारा ट्रक भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला की आरसा तुटून पडला. पाच वर्षांची शाल्मली मागच्या सीटवर ओरडतसुद्धा नव्हती, नुसती तोंड उघडून बसली होती.

इंद्रजीत शांतपणे चालत आला आणि काचेवर टकटक केलं.

“बघितलंस? गाडी नुसती नावावर असून भागत न्हाय. उद्या मला न सांगता लांब गेलीस, तर आसंच हुईल.”

त्या दिवसापासून इंद्रजीतनं मायलेकींना एकत्र गाडीत कधी बसू दिलं नाही. ऋतुजा बाहेर गेली की शाल्मली घरी, शाल्मली बाहेर गेली की ऋतुजा घरी. गाडीची किल्ली दिवाणखान्यात खिळ्याला उघडी लटकत असे. किल्लीची इंद्रजीतला पर्वा नव्हती. रिमोट मात्र झोपतानाही त्याच्या उशाशी असे; गाडी उघडून द्यायची ती त्यानंच, नुसत्या किल्लीनं दार उघडलं तर भोंगा वाजायचा.

वडील वारल्यावर आईनं तिला गाडीच्या कागदांची पिशवी दिली होती. फेब्रुवारीत एकदा ती चाळताना तळाशी कंपनीचा तो काळा रिमोट हाताला लागला. तिनं बटण दाबून पाहिलं. काहीच झालं नाही. पण त्या रात्री तिनं मैत्री नावाच्या, खराडीच्या नोकरीतल्या जुन्या मैत्रिणीला मेसेज केला: ‘हा परत चालू होईल का?’

उत्तर सकाळी आलं. ‘बाबांना विचारलं. गाडी घेऊन ये म्हणतात. बाकी काही विचारत नाही, यू जस्ट कम.’

मैत्रीचे बाबा, भीमराव, खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिक विभागात होते. निवृत्तीनंतर येरवड्यात त्यांनी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं होतं. धायरीहून तिथवर जायचं तर निमित्त हवं. ते सासूच्या मोतीबिंदूनं पुरवलं. तुळजाबाईंची तपासणी येरवड्याच्या बाजूच्याच डोळ्यांच्या दवाखान्यात होती. डोळ्यांत थेंब घालून दोन तास बसवून ठेवतात. सासूला बाकावर बसवलं, ‘औषधं घेऊन येते, आत्याबाई’ म्हणाली, आणि ऋतुजा गाडी घेऊन भीमरावांच्या दारात हजर झाली.

भीमराव स्टिअरिंगखालचं झाकण काढून उताणे आत शिरले. थोड्या वेळानं आतून आवाज आला.

“हे बसवणारा गृहस्थ आधी गाठोडी बांधत असावा. वायरी जोडल्यात की चिंध्या?”

“होईल ना काका?”

“कंपनीच्या रिमोटचा डबा जागेवर आहे. नुसता सुटा करून ठेवलाय. जोडला की बोलेल.” मग ते बाहेर आले आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाले, “ही दुसरी सिस्टीम काढून टाकू?”

“नको! त्यांना कळेल.”

मैत्रीनं भीमरावांना काय सांगितलं होतं कोण जाणे. पण त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“मग असं करतो. त्यांच्या रिमोटनं कुलूप लागेल, उघडेल, टुकटुक वाजेल. सगळं पहिल्यासारखं. पण लाल बटणाची वायर इंजिनपासून तोडतो. आणि दार उघडल्याची खबर भोंग्याला जाते, तीही तोडतो. म्हणजे तुम्ही तुमच्या रिमोटनं उघडलंत तर गाडी बोंबलणार नाही. चालेल?”

तिनं मान हलवली. कढईतलं तेल तापावं तसा राळेचा धूर सोल्डरिंगच्या कांडीवरून वर येऊ लागला. तेवढ्यात फोन वाजला. इंद्रजीत.

“कुठं हायस?”

“दवाखान्यात.”

“आईला दे.”

“त्यांना आत घेतलंय. तपासायला.”

शेजारी डेंटिंगवाला पत्रा ठोकत होता. पलीकडे इंद्रजीत ऐकत राहिला. “ह्यो ठोकायचा आवाज कसला?”

“बांधकाम चाललंय इथं. नवीन मजल्याचं.”

‘बरं,’ म्हणून त्यानं फोन ठेवला. भीमरावांनी पायानं स्टूल ऋतुजाकडे सरकवलं.

रिमोटमध्ये नवा सेल घातला. आता गाडीला रिमोटची ओळख करून द्यायची होती. दारं लावून आत बसायचं, किल्ली पाच वेळा पटपट चालू-बंद करायची. कुलपं आपणहून एकदा वरखाली झाली की गाडी ऐकायला तयार झाली असं समजायचं आणि रिमोटचं बटण दाबायचं. ऋतुजानं केलं. कुलपं हलली नाहीत. पुन्हा केलं. नाहीच. पाऊण तास होऊन गेला होता.

“डबा मेलाय का काका?”

“डबा ठीक आहे. मागचं दार नीट लागलेलं नाही.” भीमरावांनी दार आपटलं. “आता.”

तिसऱ्या खेपेला चारही दारांची कुलपं खट्कन खाली गेली आणि वर आली. तिनं बटण दाबलं. पुन्हा खट्. एवढाच आवाज. तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

परत जाताना तुळजाबाई काळा चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या. संगमवाडी ओलांडली. मग नाक वर करून म्हणाल्या, “गाडीत जळका वास कसला येतोय गं?”

“एसीचा असेल, आत्याबाई.”

“एसी तर बंद हाय.”

ऋतुजानं काच खाली केली. धायरी फाटा आला तेव्हा सासू पदरानं डोळ्यांचं पाणी टिपत एवढंच म्हणाली, “इंद्राला वासाचं काय सांगू नगंस. उगं डोकं फिरंल त्याचं.”

याचा अर्थ काय घ्यायचा? म्हातारीला कळलं होतं की नव्हतं? संध्याकाळी इंद्रजीतनं गच्चीतून रिमोट दाबला. टुक. कुलपं लागली. तो मान हलवून आत गेला. जेवताना ऋतुजाचं सगळं लक्ष तुळजाबाईंच्या तोंडाकडे होतं. पण सासूनं भाकरी मागितली, मीठ मागितलं, आणि उठून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, इंद्रजीत आंघोळीला गेल्याबरोबर, ऋतुजानं खिळ्यावरची किल्ली घेतली. शाल्मलीला शाळेच्या गणवेशातच कडेवर उचललं. कपड्यांची पिशवी घेतली नाही. पिशवी दिसली असती. कागदांची तेवढी पोटाशी धरली. अंगणातून चालताना न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज येत होता. तिनं काळा रिमोट दाबला. खट्. टुकटुक नाही, काही नाही. मुलीला पुढच्या सीटवर ढकललं, स्वतः बसली, किल्ली फिरवली.

आणि थांबावं लागलं. डिझेल गाडी, रात्रभर गार पडलेली. डॅशवरचा पिवळा दिवा विझल्याशिवाय इंजिन लागत नाही. दहा-बारा सेकंदांची गोष्ट. न्हाणीघरातलं पाणी थांबलं.

“मम्मी, शाळेची बस—”

“गप्प बस, बाळा.”

दिवा विझला. इंजिन धडधडून उठलं. त्याच क्षणी दाराची कडी वाजली आणि इंद्रजीत टॉवेलवर बाहेर आला. तो धावला नाही. त्याला धावायची गरज वाटली नाही. आत जाऊन रिमोट घेऊन आला, हात लांब केला आणि लाल बटण दाबलं.

इंजिन चालूच राहिलं.

त्यानं पुन्हा दाबलं. रिमोट हातावर आपटला, पुन्हा दाबला. मग मात्र तो धावत सुटला. फाटक बंद होतं. ऋतुजानं गाडी मागे घेऊन वळवली तोवर तो दाराशी पोचला होता. टुक टुक. चारही कुलपं वर आली. तिनं आपलं बटण दाबलं, कुलपं खाली. त्यानं दाबलं; वर. तिनं दाबलं, खाली. त्याचा हात दाराच्या कडीवर होता, ओला, आणि काचेपलीकडून तो काय ओरडत होता ते तिला ऐकू येत नव्हतं, फक्त दात दिसत होते. एकदा दार बोटभर उघडलंही. तिनं दोन्ही हातांनी ते आत ओढलं आणि मुठीतल्या रिमोटचं बटण हनुवटीनं दाबलं.

फाटकाबाहेर पाण्याचा टँकर भोंगा वाजवत होता. तुळजाबाई मोरीकडून आल्या, काळा चष्मा तसाच. चाचपडत फाटकापाशी गेल्या आणि दोन्ही पल्ले सताड उघडले. रोज सकाळी त्याच उघडत असत. टँकर अजून रस्त्याच्या कडेला होता. ऋतुजानं पाय दाबला. गाडी फाटकाच्या खांबाला घासून बाहेर पडली. आरशात तिला दिसलं: सासू हात हलवून टँकरवाल्याला आत बोलावत होती, “ये, ये, घे आत,” आणि टँकर फाटकात आडवा शिरला. मागे इंद्रजीतची दुसरी गाडी आत अडकली.

सिंहगड रस्ता, दांडेकर पूल, स्टेशन. प्रत्येक सिग्नलला ती मागे बघत होती. येरवड्याला भीमरावांच्या दारात गाडी थांबली तेव्हा तिला स्टिअरिंगवरची बोटं सोडता येईनात. मैत्रीनं खिडकीतून हात घालून एकेक बोट मोकळं केलं.

दुपारी मैत्री तिला पोलीस चौकीत घेऊन गेली. अर्ज लिहिताना पुलावरच्या उताराचा मजकूर आला तेव्हा हवालदारानं पेन थांबवलं आणि ‘चालत्या गाडीत?’ असं पुन्हा विचारून घेतलं. चौथ्या दिवशी इंद्रजीत दोन माणसं घेऊन आला. भीमराव दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, शेजारचा डेंटिंगवाला हातोडा घेऊन येऊन उभा राहिला, आणखी चार जण गोळा झाले. इंद्रजीत रस्त्यापलीकडून तासभर बघत उभा राहिला आणि गेला. पुन्हा दोनदा आला. मग वकिलाची नोटीस गेल्यावर यायचा थांबला.

जूनमध्ये ऋतुजाला खराडीत पुन्हा काम मिळालं, पहिल्यापेक्षा कमी पगाराचं. भीती काही लगेच गेली नाही. भर दुपारीसुद्धा पार्किंगमध्ये गाडीत बसायच्या आधी ती गाडीखाली वाकून बघायची. येरवड्यातच खोली भाड्यानं घेतली आणि शाल्मलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. फॉर्म भरताना बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं?

“मम्मी आणि मी,” शाल्मलीनं सांगितलं, आणि बाईंच्या टेबलावरचा खडू उचलून फळ्याकडे गेली.